सोळाची बाजू

सरकारने १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे काढून घेतले आणि बदल्यात शंभर नये पैसे दिले. तारीख बघता लोकांना ही थट्टा वाटायला हरकत नव्हती, पण आर्थिक वर्षाला विनोद कळत नाही. त्याआधी १८३५ च्या नाणे कायद्यापासून हिशेब ठरलेला होता: रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. एकशे बावीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या सोळाला साधा निरोप समारंभसुद्धा मिळाला नाही. त्याच्यावर आरोप एकच होता, की तो हिशेबाला अवघड आहे. आणि ज्याच्या बाजूने कोणी उभंच राहत नाही त्याच्यावरचा आरोप आपोआप सिद्ध होतो. दहाचे वकील पुष्कळ होते. त्यांत शास्त्रज्ञ होते, अर्थतज्ज्ञ होते, पाढ्यांना कंटाळलेली मुलं तर झाडून सगळी होती. उशिरा का होईना, सोळाचं वकीलपत्र घेऊन इथे एवढंच म्हणायचं आहे की दहा ही लिहायला सोयीची संख्या आहे आणि सोळा ही वाटायला. माणूस आयुष्यात लिहितो थोडं आणि वाटण्या करतो फार. हिशेब मांडणाऱ्यांनी आपल्या सोयीची संख्या वाटणाऱ्यांच्या गळ्यात बांधली, आणि वाटणाऱ्यांनी ती तोंडाने मान्य करून हाताने कधीच मानली नाही.

वाटणी करताना माणूस आधी काय करतो ते पाहा. तो वस्तूचे दोन भाग करतो. दोन भाग सारखे आहेत की नाहीत हे डोळ्यांना कळतं, हातांना कळतं, आणि तरीही न कळलं तर समोर बसलेल्या भावाला नक्की कळतं. भाकरी मोडली की अर्धी, पुन्हा मोडली की चतकोर. चादरीची घडी घालताना कोणी फूटपट्टी घेऊन बसत नाही. कडेला कड लावली की काम झालं. भाकरीचे पाच समान तुकडे हाताने करून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर त्याचे चार भाऊ त्या तुकड्यांपायी कोर्टात जातील. आता हेच निम्मं करणं संख्यांवर करून बघा. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. चार वेळा मोडलं आणि एकदाही काही सांडलं नाही. दहाचे मात्र पाच झाले की खेळ संपला. पुढे अडीच, मग सव्वा, मग भांडण. दहाच्या पोटात एक पाच दडून बसलेला आहे आणि तो निम्मा व्हायला साफ नकार देतो. शंभराच्या पोटात असे दोन पाच आहेत, हजाराच्या पोटात तीन. म्हणून शंभर फक्त दोनदा निम्मे होतात आणि हजार तीनदा: पाचशे, अडीचशे, सव्वाशे, आणि त्यानंतर साडेबासष्ट. दहाच्या कुटुंबात शून्यांनी कितीही मिरवलं तरी दर शून्यामागून एकेक पाच घरात शिरतोच.

तराजूच्या बाबतीत तर हा मामला उघडच आहे. ज्याच्याकडे एकही वजन नाही, नुसता तराजू आहे, असा माणूसही धान्याची रास बरोबर निम्मी करू शकतो: दोन्ही पारड्यांत टाकत जायचं आणि काटा मध्ये आला की थांबायचं. असं चार वेळा केलं की मूळ राशीचा सोळावा भाग हातात येतो. जुना शेर सोळा छटाकांचा होता तो या हिशेबाला तंतोतंत जुळणारा. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक ही उतरंड प्रत्येक पायरीला निम्मी होत जाते, मध्ये कुठे अपूर्णांकात पाय अडकत नाही. वजनांचीही बचत होते. एक, दोन, चार आणि आठ छटाकांची चार वजनं असली की एकापासून पंधरापर्यंत काहीही तोलता येतं, आणि सोळा झाले की शेरच. दशमान पद्धतीत एक, दोन, दोन आणि पाच अशी चारच वजनं घेतली तर धाव दहाशी संपते. शिवाय तिथे एक गंमत होऊन बसली आहे. गिऱ्हाईक दहापैकी नऊ वेळा 'पावकिलो द्या' म्हणतं, आणि सरकारमान्य वजनांच्या मालिकेत पावकिलोचं वजनच नाही, कारण ती मालिका एक-दोन-पाचाची. भाजीवाला मुकाट्याने दोनशेचं आणि पन्नासचं अशी दोन वजनं पारड्यात टाकतो. कायदा दशमानाचा, मागणी पावाची, आणि त्या दोघांमधली तडजोड गवारीच्या बाजूला रोज होते.

नाण्यांचं तसंच झालं. सोळा आण्यांच्या रुपयात आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली आणि मग आणा, असा निम्म्यानिम्म्याचा जिना होता. नवा पैसा आल्यावर अधेलीचे पन्नास झाले, पावलीचे पंचवीस, आणि चवलीपाशी येऊन शंभरातले दोन्ही पाच आडवे पडले: साडेबारा. अर्धा नवा पैसा कोणी पाडला नव्हता. तेव्हा रूपांतराचा तक्ता आला. त्यात एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस. आण्याची खरी किंमत सव्वासहा पैसे, पण सव्वा देता येत नाही म्हणून सहावर भागवलं. तक्ता दिसायला निरुपद्रवी आहे. पण सोळा आणे एकेक करून या तक्त्याने मोजले तर शहाण्णव नये पैसे भरतात. रुपया मोडला की पैसे कुठे जातात ते कळत नाही, ही जी घरोघरची तक्रार असते, तिला निदान त्या काळात चार पैशांपुरता शासकीय आधार होता.

बोलण्यात तर दहाचा पराभव आणखीच स्पष्ट झाला. चार आणे आणि आठ आणे हे शब्द आणे गेल्यावरही अर्धशतक चालू राहिले, कारण शंभराला दोनदा निम्मं करून ते नेमके पंचवीस आणि पन्नासवर बसत होते. दोन आणे हा शब्द विरला, कारण त्याला बसायला नाणं उरलं नाही. एक, दोन, पाच, दहा अशा शिस्तीत पावलं टाकणाऱ्या दशमान नाण्यांत पुढचं नाणं विसाचं यायला हवं होतं. सरकारने आधी पंचविसाचं काढलं. हा पावलीला केलेला मुजरा होता, आणि तो ३० जून २०११ पर्यंत, म्हणजे ते नाणं अधिकृतपणे बाद होईपर्यंत, चालला. आपल्याकडची ती म्हण घ्या: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हण करणाऱ्याने इथे नुसता उधळेपणा दाखवलेला नाही, बेरीजही राखली आहे. चार आणि बारा मिळून बरोबर रुपया होतो. कोंबडीपेक्षा मसाला तिप्पट झाला तरी एकूण खर्च रुपयाबाहेर जात नाही. घरच्या बाईचा हिशेब पक्का आहे, फक्त तिला मसाला आवडतो. हीच म्हण पंचवीस पैशांची कोंबडी आणि पंच्याहत्तर पैशांचा मसाला अशी म्हणून पाहा. आकडे तेच, प्रमाण तेच, पण ऐकताना लेखापरीक्षकाने काढलेली हरकत वाटते.

इथवर सोळाची कामगिरी सांगितली. त्याचं कुळही कमी नाही. दोनाचा चौथा घात सोळा आणि चाराचा दुसरा घातही सोळाच. पाया आणि घात यांनी आपापल्या जागा बदलल्या तरी उत्तर बदलत नाही असं दोन वेगवेगळ्या धन पूर्णांकांच्या बाबतीत फक्त इथे घडतं; दुसरी जोडी नाही. दोन आणि तीन घ्या, आठ आणि नऊ येतात. दोन आणि पाच घ्या, बत्तीस आणि पंचवीस येतात. डॅनिएल बर्नुली याने १७२८ मध्ये गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात ही जोडी एकमेव असल्याचं नोंदवलं होतं. खुर्च्या बदलल्या तरी दोघांचा आब तेवढाच राहावा हे संख्यांच्या राज्यात एकदाच जमलं आहे. माणसांच्या राज्यात किती वेळा जमलं ते वाचकांनी आपापल्या कचेऱ्यांत मोजावं. आणखी एक: चार बाय चारच्या चौरसाचं क्षेत्रफळ सोळा आणि परिमितीही सोळा. जेवढी जमीन तेवढंच कुंपण असा पूर्णांकी बाजूंचा चौरस हा एकच, आणि आयतांमध्ये तीन बाय सहाचा अठराचा एक. प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे की पायथागोरसच्या पंथाचे लोक सतराचा तिटकारा करत, कारण तो या सोळा आणि अठरा यांच्या मध्ये घुसून बसतो. संख्येवर राग धरणारी माणसं वेडीच म्हणायची, पण निदान कारण तरी देत. आपण तेराचा मजला गाळतो आणि कारण विचारलं तर लिफ्टकडे बोट दाखवतो.

त्या बिचाऱ्या सतराचा उद्धार पुढे सोळानेच केला. नुसत्या पट्टीने आणि कंपासने सतरा समान बाजूंची आकृती काढता येते हे गाउसने १७९६ मध्ये दाखवलं; तेव्हा त्याला एकोणीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यामागचं गुपित असं की सतरातून एक वजा केला की सोळा उरतात, आणि सोळा म्हणजे चार दोनांचा गुणाकार. कंपासला निम्मं करणं फार चांगलं जमतं. चार वेळा वर्गमूळ काढायची तयारी असली की वर्तुळाचे सतरा भाग पडतात. आता हाच न्याय दहाला लावा. दहाच्या पुढचा अकरा. अकरा बाजूंची समान आकृती पट्टी-कंपासने काढता येते का? येत नाही, आणि कितीही टोकदार पेन्सिल घेतली तरी येणार नाही. हे १८३७ मध्ये वांट्झेलने सिद्धच केलं. अडथळा कोणाचा? अकरातून एक वजा केल्यावर उरलेल्या दहाचा, आणि दहाच्या पोटातल्या त्याच पाचाचा. भाजीच्या गाडीवर जो आडवा येतो तोच भूमितीच्या तासाला येतो, याला निदान सातत्य तरी म्हणावं लागेल.

सोळाच्या बाजूचा सर्वांत बळकट साक्षीदार मात्र अमेरिकेतून आणावा लागतो. अमेरिकेने १७९२ मध्येच डॉलरचे शंभर सेंट केले. दशमान नाण्यांच्या बाबतीत ते लोक आपल्या किती पुढे होते हे शाळेत कौतुकाने सांगतात. पण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात भाव शतांशात सांगत नसत, अष्टमांशात सांगत. ही सवय आठ भागांत मोडल्या जाणाऱ्या जुन्या स्पॅनिश डॉलरपासून चालत आलेली. १९९७ मध्ये बाजाराने सुधारणा केली ती काय, तर आठाऐवजी सोळावा भाग धरला. डॉलरचा सोळावा भाग म्हणजे सव्वासहा सेंट, हुबेहूब आपला आणा. पूर्ण दशमान भाव तिथे २००१ मध्ये आले. म्हणजे दलाल स्ट्रीटवरून आणे गेल्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी ते वॉल स्ट्रीटवरून गेले. जगातला सर्वांत मोठा बाजार दोनशे वर्षं आठ आणि सोळा भागांत सौदे करत होता आणि त्या काळात तो गरीब झाल्याची नोंद कुठे नाही.

याउलट दहाला मोकळं सोडलं की तो काय करतो हे फ्रान्सने करून पाहिलं. राज्यक्रांतीच्या उत्साहात तिथे १७९३ मध्ये दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं आणि आठवडा दहा दिवसांचा असं ठरलं. दहा तासांचं घड्याळ १७९५ मध्येच गुंडाळावं लागलं. दहा दिवसांचा आठवडा १८०२ पर्यंत रखडला. सुट्टी सातव्या दिवशी मिळायची ती दहाव्या दिवशी मिळू लागली तर कोणती जनता क्रांतीवर प्रेम करील? न्याय म्हणून सांगायला हवं की सोळाच्या भक्तांनीही ताळ सोडल्याचं एक उदाहरण आहे. स्वीडनमध्ये जन्मलेल्या नीस्ट्रम नावाच्या अभियंत्याने १८६२ मध्ये फिलाडेल्फियात सोळावर आधारलेली आख्खी पद्धत मांडली: सोळा अंक, त्यांना नवी नावं, सोळा भागांचा दिवस आणि सोळा महिन्यांचं वर्ष. वर्षाला सोळा वेळा घरभाडं भरावं लागेल हे लक्षात आल्यावर कोणी फारसं त्याच्या वाटेला गेलं नसावं. पण या अतिरेकाने मूळ मुद्द्याला बाधा येत नाही. काळ आपण वाटत नाही, तो नुसता मोजतो. त्यात सोळाला घुसवण्याचं कारण नव्हतं.

जिथे खरोखर काही मोडायचं, दुमडायचं, बाद करायचं असतं तिथे सोळा कोणाच्याही परवानगीशिवाय हजर असतो. कचेरीतला ए-फोर कागद घ्या. दशमान पद्धतीच्या मीटरवर बेतलेला हा जर्मन शिस्तीचा कागद. सर्वांत मोठा ए-झीरो एक चौरस मीटरचा, आणि तो चार वेळा निम्मा केला की ए-फोर. म्हणजे एका चौरस मीटरात ए-फोर कागद किती? दहा नाहीत, शंभर नाहीत, सोळा. कागदाच्या रिमवर ८० जीएसएम लिहिलेलं असतं, ते एका चौरस मीटरचे ऐंशी ग्रॅम. त्याला सोळाने भागा, एका ए-फोर पानाचं वजन पाच ग्रॅम. छापखान्यात तर हे रोजचंच आहे. मोठा कागद तीनदा दुमडला की आठ पानं, पाठपोट सोळा पृष्ठं. हा सोळा पानी फर्मा. मराठी पुस्तकं १६०, १७६, १९२, २०८ अशा पृष्ठसंख्यांवर का थांबतात आणि शेवटी दोन-तीन कोरी पानं का असतात, याचं उत्तर लेखकाच्या प्रतिभेत शोधू नये. ते फर्म्यात आहे. सुताराकडे जा. त्याच्या टेपावर मिलिमीटर छापलेले असतात आणि तो तुम्हाला 'दोन सूत कमी पडतंय' म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि अर्धा सूत म्हणजे सोळावा. क्रिकेटकडे पाहायचं तर आयपीएलमध्ये २०२२ पासून दहा संघ आहेत. थेट बाद फेरी लावली तर दहाचे पाच आणि पाचांचे अडीच. म्हणून साखळी सामने खेळवून आधी चार उरवायचे, मग त्यांच्यात क्वालिफायर आणि एलिमिनेटर. सोळा संघ असते तर चार फेऱ्यांत निकाल लागला असता. अर्थात मग जाहिराती कमी दाखवता आल्या असत्या, हेही खरं.

आता दहाच्या बाजूचे आक्षेप. पहिला आक्षेप बोटांचा: निसर्गानेच दहा बोटं दिली आहेत. दिली खरी, पण हाताच्या चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं आणि एक टोक असतं, आणि ती मोजायला अंगठा मोकळा असतो. चार चोक सोळा, तेही एकाच हातावर, दुसऱ्या हातात पिशवी असताना. पेरांवर मोजणाऱ्या आपल्या देशात तरी बोटांचा दाखला दहाने देऊ नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दहाने गुणायचं तर नुसतं शून्य वाढवायचं, इतकं सोपं दुसरं काय आहे? पण ही सोय दहाची नव्हे, स्थानमूल्याची आणि शून्याची आहे. सोळावर आधारलेल्या पद्धतीत सोळाला '१०' असंच लिहितात आणि तिथे सोळाने गुणताना शून्यच वाढवतात. बारावर आधारलेल्या पद्धतीत बारालाही '१०' लिहितात. प्रत्येक पाया स्वतःला दहाच म्हणवतो. दहाने फक्त ती पाटी आधी लावून घेतली.

तिसरा आक्षेप मात्र मानावा लागतो. सोळाला तिनाने भाग जात नाही, आणि घरात तीन भाऊ असले तर निम्मं करण्याचं सगळं तत्त्वज्ञान बाजूला ठेवावं लागतं. दोनाला कितीही वेळा दुप्पट करत न्या, तीन त्यात कधीच सापडणार नाही. पण शंभरालाही तिनाने भाग जात नाही, तेव्हा हा आक्षेप दहाच्या तोंडी शोभत नाही. बारावाल्यांनी घेतला तर ठीक, आणि त्यांना उत्तर असं की त्यांचे बारा दोनदाच निम्मे होतात, तिसऱ्यांदा त्यांचे तीनच अडतात. शिवाय जुन्या रुपयाने यावरही तोड काढून ठेवली होती. पैशाच्या तीन पै होत्या, म्हणून रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव. तीन भावांना प्रत्येकी चौसष्ट पै, म्हणजे पाच आणे एक पैसा एक पै. शेवटच्या पैपर्यंत समान. नव्या रुपयात प्रत्येकी तेहेतीस पैसे आणि एक पैसा शिल्लक, आणि त्या एका पैशावरून किती घरं दुभंगली असतील. १९२ ला चौदा संख्यांनी निःशेष भाग जातो, १०० ला नऊ संख्यांनी. आणि जिथे पै नव्हती तिथे आपल्या लोकांनी सोळाला तिनाने भागल्यावर उरणाऱ्या त्या एकाचंच सोनं केलं. तीनतालाच्या मात्रा सोळा. तिहाई घ्यायची तर तोच बोल तीनदा वाजवून समेवर यायचं. पाच मात्रांचा 'तिट कत गदि गन धा' समेपासून धरला, मध्ये एकेक मात्रा सोडली, की पाच, एक, पाच, एक, पाच मिळून होतात सतरा. आणि सोळा मात्रांच्या तालात सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. भागाकाराची बाकी उरली म्हणून माना डोलावल्या जातात, असं गणिताच्या तासाला कधी होत नाही. (लोकांना त्यातला पाच मात्र चालतो. वाजवणारा चांगला असला की काहीही चालतं.)

चौथा आक्षेप पाढ्यांचा: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी, हे सगळं लहान मुलांच्या डोक्यात कोंबावं लागे. लागे हे खरं. पण अपूर्णांक काही आण्यांबरोबर गेले नाहीत, फक्त त्यांचे पाढे गेले. साडेतीन टक्के व्याजाचा हिशेब आजही करावाच लागतो. फरक इतकाच की पूर्वी तो तोंडी होई आणि आता फोन काढावा लागतो. तेव्हाची स्वस्ताई आठवून आण्यांसाठी डोळे पुसणाऱ्यांना मात्र सोळाच्या बाजूने साक्षीला बोलावता येणार नाही. आण्याला तेव्हा जे मिळे ते सोळामुळे मिळत नव्हतं, भाव कमी होते म्हणून मिळत होतं.

शेवटचा आक्षेप असा येईल की हे सगळं मान्य, पण सोळा आता इतिहासजमा आहे. नेमकं इथेच दहाचं पारडं वर जातं. १९६४ मध्ये आयबीएमने 'सिस्टिम/३६०' आणला, त्यातून आठ बिटांचा बाइट रूढ झाला. यंत्र आतून दोनच अंक जाणतं. पण शून्य आणि एक यांच्या त्या लांबलचक रांगा माणसाला वाचवत नाहीत, म्हणून चार-चारांचे गट पाडून त्या सोळाच्या पद्धतीत लिहितात. दहाच्या पद्धतीत लिहिता आल्या असत्या तर कोणी सोडलं असतं? पण तिथेही तो पाच आडवा येतो: दहाचा कोणताही घात दोनाच्या घाताशी जुळत नाही. उलट संगणकाला साधा एक-दशांश पूर्ण लिहिता येत नाही, तो अनंत चालतो. बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या भाषांत शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज विचारा; उत्तर तीन-दशांशाच्या किंचित पुढे जातं, सतराव्या स्थानावर एक चार उपटतो. याला दहाचे वकील यंत्राचा दोष म्हणतील. पण सोळावा भाग दशांशात लिहा, ०.०६२५ असा चार घरांत सुखाने संपतो. दहावा भाग सोळाच्या पद्धतीत कधीच संपत नाही. पाहुणा म्हणून कोणाचं वागणं चांगलं, हे यावरून ठरवावं. राहता राहिली दहाची एकमेव मिरासदारी, म्हणजे लिहिणं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य कोष्टकाला १२८ जागा दिलेल्या आहेत, म्हणजे सोळाच्या आठ ओळी, आणि त्यांचे क्रमांकही सोळाच्या पद्धतीतच मांडतात. 'अ' चा क्रमांक ०९०५, 'ळ' चा ०९३३. देवनागरी एक हा अंक ०९६७ वर आहे आणि शून्य ०९६६ वर. मराठीत '१०' टंकलं की संगणकाच्या कोष्टकात त्याची नोंद सोळाच्या भाषेत होते.

तेव्हा शिक्षण खात्याकडे एक माफक मागणी आहे. रुपयाचे आणे परत नकोत, शेर-छटाकही नकोत. शंभर पैसे आहेत तसेच असू द्यावेत, नाहीतरी त्यांना आता कोणी विचारत नाही. पण पाढे सगळे दाहेवर थांबवतात, त्याला एक अपवाद करावा. सोळाचा पाढा 'सोळा दाहे एकशे साठ'पाशी न तोडता सोळा सोळे दोनशे छप्पन्नपर्यंत म्हणून घ्यावा. एका बाइटमध्ये मावणाऱ्या वेगवेगळ्या किमती बरोबर तितक्याच असतात.